सातबाऱ्यामागची चौकट

वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत : वर्धा, सेलू, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर, आर्वी, आष्टी आणि कारंजा. यांतल्या तीन नावांचे तालुके महाराष्ट्रात इतरत्रही आहेत. एक सेलू परभणीत आहे, एक आष्टी बीडमध्ये आणि एक कारंजा वाशिममध्ये. माणसांचं यामुळे काही अडत नाही. आपण कारंजा घाडगे आणि कारंजा लाड म्हणतो, १९४२ च्या हुतात्म्यांमुळे वर्ध्याच्या आष्टीला आष्टी शहीद म्हणतो, आणि बोलण्याच्या ओघात कुठलं सेलू ते समोरच्याला आपोआप कळतं. अडचण होते ती कागदाची, आणि कागदापेक्षाही संगणकाची. एका खात्याच्या यादीत नुसतं ‘कारंजा’ असेल, दुसऱ्याच्या यादीत ‘कारंजा (घा.)’ असेल आणि बँकेच्या यादीत तेच नाव रोमन अक्षरांत वेगळ्याच स्पेलिंगने असेल, तर या तिन्ही याद्या एकमेकींना ओळखत नाहीत. तालुक्यांचं हे असं, तर पिंपळगाव आणि वडगाव किती असतील याचा विचार करा.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक गावाला एक क्रमांक द्यायचा आणि सगळ्यांनी तोच वापरायचा. केंद्र सरकारच्या पंचायती राज मंत्रालयाने स्थानिक शासनाची अशी एक निर्देशिका तयार केली आहे. एलजीडी या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते आणि तिच्यात देशातल्या प्रत्येक राज्याला, जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला, ग्रामपंचायतीला कोड दिलेला आहे. महाराष्ट्रात सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा गावाच्या नावाशेजारी हा कोडही छापला जाऊ लागला. पण क्रमांक देऊन काम संपत नाही. नवं गाव झालं तर यादीत भर कोण घालणार? पूर्वीपासून स्वतःचे क्रमांक वापरणारं खातं ते सोडायला तयार होईल का? जुन्या नोंदी नव्या क्रमांकाला कोण जोडून देणार, आणि त्यात चूक झाली तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार कुणाचा? हे प्रश्न कुठल्याही एका संगणकाचे किंवा एका सॉफ्टवेअरचे नाहीत. ते अख्ख्या संस्थेचे आहेत. अशा प्रश्नांचा एकत्र आणि शिस्तीने विचार करण्याच्या पद्धतीला एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणतात. मराठीत आपण त्याला संस्थेचा आराखडा म्हणू.

आराखड्याचे चार थर सर्वसाधारणपणे मानले जातात. सर्वांत वर संस्थेची कामं येतात, म्हणजे ती नेमकं काय करते, कुणासाठी आणि कोणत्या नियमांनी. त्याखाली त्या कामांना लागणारी माहिती, त्याखाली माहिती हाताळणारे सॉफ्टवेअर आणि तळाशी यंत्रं, तारा, सर्व्हर. बहुतेक संस्था घाईने तळापासून सुरुवात करतात. आधी संगणक येतात, मग सॉफ्टवेअर येतं, मग त्यात भरायची माहिती गोळा होते आणि सर्वांत शेवटी कुणीतरी विचारतं, की हे सगळं आपण कोणत्या कामासाठी केलं. आराखडा हा क्रम उलटा करतो.

झॅकमन यांचा तक्ता आणि पटवाऱ्याचं दप्तर

या विषयाचा आरंभ १९८७ पासून धरायचा असा प्रघात आहे. त्या वर्षी आयबीएममधले जॉन झॅकमन यांचा एक लेख कंपनीच्या ‘सिस्टिम्स जर्नल’मध्ये छापून आला. घर बांधताना मालकाला दाखवायचं चित्र वेगळं असतं, वास्तुरचनाकाराचं वेगळं आणि गवंड्याच्या हातात द्यायचं वेगळं. घर एकच असतं, पण प्रत्येकाला त्यातलं निराळं काही कळावं लागतं. मोठ्या संस्थेच्या माहिती-व्यवस्थेचंही असंच असलं पाहिजे, असं त्यांनी मांडलं. मग त्यांनी एक तक्ता आखला. आडव्या ओळींत पाहणारे : धोरण ठरवणारा, मालक, रचनाकार, प्रत्यक्ष बांधणारा. उभ्या रकान्यांत प्रश्न : काय, कसं, कुठे. १९९२ मध्ये जॉन सोवा यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात कोण, केव्हा आणि का हे तीन रकाने वाढले. प्रत्येक चौकोनात संस्थेबद्दलचं एकेक उत्तर. ज्या चौकोनाचं उत्तर संस्थेत कुणालाच देता येत नाही, तिथे पुढेमागे गोंधळ होणार हे गृहीत धरायचं.

झॅकमन यांचा तक्ता पाहिला की मला तलाठ्याचं दप्तर आठवतं. वर्ध्याकडे त्याला अजूनही पटवारीच म्हणतात. त्या दप्तरात गाव नमुना एक ते एकवीस असतात आणि त्यांतला प्रत्येक नमुना एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देतो. नमुना एक म्हणजे आकारबंद : गावात कोणकोणत्या जमिनी आहेत आणि त्यांचा आकार किती. नमुना सात हा अधिकार अभिलेख : कोणत्या गटावर कुणाचा हक्क आहे. आठ अ सांगतो, की एका खातेदाराच्या नावावर गावात एकूण काय काय आहे. बारा ही पिकांची नोंदवही आणि सहा ही फेरफारांची, म्हणजे हक्कांत झालेल्या बदलांची. सहा क मध्ये वारसांच्या नोंदी. आवक-जावकीसाठीसुद्धा एक नमुना आहे. आपण ज्याला सहज सातबारा म्हणतो तो म्हणजे यांतले दोन नमुने एका कागदावर छापलेले.

आता या मांडणीतली हुशारी पाहण्यासारखी आहे. सात आणि बारा एका कागदावर असले तरी त्यांचा स्वभाव अगदी निराळा आहे. हक्क सावकाश बदलतो, कधी एका पिढीत एकदाच. पीक दर हंगामाला बदलतं. म्हणून बाराची नोंद दर हंगामाला पाहणी करून करायची असते, पण सातवर कुणालाही थेट काही लिहिता येत नाही. खरेदी होवो, वाटणी होवो, की मृत्यूनंतर वारस लागोत. आधी नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद घालावी लागते. मग हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि तेव्हा कुठे सातवरचं नाव बदलतं. जुनं नाव पुसायचं नाही. त्याला कंस करायचा आणि फेरफाराचा क्रमांक शेजारी लिहायचा. त्यामुळे आजच्या नावावरून मागे मागे जात पणजोबांपर्यंत पोहोचता येतं.

आज मोठ्या कंपन्या याच गोष्टींसाठी सल्लागार नेमतात. स्थिर माहिती आणि सतत बदलणारी माहिती वेगळी ठेवा. स्थिर माहितीत थेट हात घालू देऊ नका, बदल एकाच दारातून येऊ द्या. प्रत्येक बदलाचा माग ठेवा. लिहिणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस नको. संगणक कुणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हा ही तत्त्वं महसुली दप्तरात रुजलेली होती. महसूल खात्याच्या कारभाराबद्दल लोकांच्या तक्रारी पुष्कळ असतात आणि त्यांतल्या अनेक रास्तही असतात. तरी या दप्तराची मूळ रचना अतिशय विचारपूर्वक केलेली आहे, हे मला ठासून सांगावंसं वाटतं.

तीन राज्यांचं एक दप्तर

हे नमुने वर्ध्यात पहिल्यापासून असे नव्हते. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा मध्य प्रांतात होता. तिथे मालगुजारी होती; खसरा, जमाबंदी, खेवट ही तिथली कागदपत्रं. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, १९५४ ची मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता आली आणि तिच्याबरोबर भूमिस्वामी, भूमिधारी ही नामावळी. दोनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, वर्धा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात.

म्हणजे नव्या महाराष्ट्राच्या महसूल खात्याकडे तीन निरनिराळ्या व्यवस्था एकाच वेळी आल्या. पश्चिम महाराष्ट्रात १८७९ ची मुंबई संहिता, मराठवाड्यात निजामाच्या राज्यातला १३१७ फसलीचा कायदा आणि विदर्भात मध्य प्रदेशची संहिता. हक्कांचे प्रकार वेगळे, कागदांची नावं वेगळी, अधिकाऱ्यांची नावंही वेगळी. दोन कंपन्यांचं विलीनीकरण झाल्यावर त्यांच्या संगणक-प्रणाली जुळवताना जी दमछाक होते, तीच इथे लक्षावधी खातेदारांच्या जमिनींच्या बाबतीत होणार होती, आणि तीही हाताने लिहिलेल्या वह्यांवर.

१९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता हे त्यावरचं उत्तर. ती १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. तिने हक्कांची वर्गवारी राज्यभर एकसारखी केली. तिन्हीकडच्या जुन्या प्रकारांतला प्रत्येक प्रकार नव्या वर्गवारीत कुठे बसेल, हे ठरवून टाकलं. पण सगळंच सपाट केलं नाही. विदर्भात गावकऱ्यांना गुरं चारायला, सरपण आणायला गावच्या जमिनीवर जे सामाईक हक्क होते त्यांची नोंद निस्तारपत्रकात असे. गावच्या चालीरीतींची, पाण्याच्या आणि वाटांच्या हक्कांची नोंद वाजिब-उल-अर्जमध्ये. पुण्या-साताऱ्याच्या दप्तरात यांना जोड नव्हती. नव्या संहितेने त्यांच्यासाठी स्वतंत्र कलमं ठेवली. एकसारखेपणाच्या हट्टापायी हे दोन कागद गळाले असते, तर वर्धा-चंद्रपूरकडच्या कित्येक गावांचे हक्क कागदावरून नाहीसे झाले असते.

टोगॅफ आणि सेवाग्राम

आज जगात सर्वांत जास्त वापरली जाणारी चौकट टोगॅफ ही आहे. द ओपन ग्रुप या संघटनेने ती १९९५ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केली. तिचा पाया अमेरिकेच्या संरक्षण खात्याने तयार केलेल्या एका चौकटीचा होता. २०२२ मध्ये तिची दहावी आवृत्ती आली. झॅकमन यांचा तक्ता कोणकोणते प्रश्न विचारायचे ते सांगतो; टोगॅफ कोणत्या क्रमाने काम करायचं ते सांगते. आधी तत्त्वं आणि दृष्टी ठरवायची, मग कामकाजाचा, माहितीचा, सॉफ्टवेअरचा आणि यंत्रांचा आराखडा काढायचा, आज आहे ते आणि उद्या हवं ते यांतलं अंतर मोजायचं, ते टप्प्याटप्प्याने भरायचं, त्यावर देखरेख ठेवायची आणि परिस्थिती बदलली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. टोगॅफची पुस्तकं जाडजूड आहेत. त्यातला सगळ्यात उपयोगी भाग माझ्या मते अगदी सुरुवातीचा, तत्त्वं ठरवण्याचा आहे, आणि घाईत नेमका तोच उरकला जातो.

तत्त्व म्हणजे काय, याचा दाखला वर्ध्यातच आहे. १९३० च्या दशकात या गावाभोवती देशव्यापी संस्थांचं एक जाळंच उभं राहिलं. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झाला, मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी तो चालवला. हिंदुस्थानी तालीमी संघ १९३८ मध्ये आला, गोसेवा संघ १९४१ मध्ये. अखिल भारत चरखा संघ त्याआधीचा, १९२५ चा. देशभर विखुरलेली उत्पादन केंद्रं आणि भांडारं त्याच्याशी जोडलेली होती. १९३५ मध्ये गांधीजींच्या आग्रहावरून चरखा संघाने ठरवलं, की सूत कातणाऱ्या बाईला जगण्यापुरतं वेतन मिळालंच पाहिजे, मग खादी महाग पडली तरी चालेल. प्रत्येक केंद्राने कापूस कुठून घ्यायचा, माल कुठे विकायचा हे त्याचं त्याने पाहावं. पण संघाचं प्रमाणपत्र हवं असेल तर हे तत्त्व पाळायचं. एका वाक्याच्या तत्त्वाने खरेदीच्या दरापासून हिशेबाच्या वहीपर्यंत सगळं बदललं. असं तत्त्व खऱ्या अर्थाने आराखड्याचा पाया असतं. ‘आमची प्रणाली लोकाभिमुख असेल’ यासारख्या वाक्याने कुठल्याही वहीतला एकही रकाना बदलत नाही.

गांधीजींच्या हत्येनंतर, मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामला रचनात्मक कार्यकर्त्यांची परिषद भरली. इतक्या संस्था निरनिराळ्या ठेवायच्या की एक करायच्या, हा तिथला एक मोठा प्रश्न होता, आणि त्यातून पुढे सर्व सेवा संघ आकाराला आला. हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्रात नीट मांडला गेला तो २००६ मध्ये, जीन रॉस, पीटर वाइल आणि डेव्हिड रॉबर्टसन यांच्या पुस्तकात. त्यांनी दोन साधे प्रश्न विचारले. तुमच्या विभागांचं काम एकाच पद्धतीने चालायला हवं का? आणि त्यांची माहिती एकमेकांना मिळायला हवी का? दोन प्रश्नांच्या होय-नाहीतून चार प्रकारच्या संस्था निघतात. सगळं एकत्र असलेली, माहिती वाटून घेणारी पण कामात स्वतंत्र असलेली, पद्धत एक पण माहिती आपापली ठेवणारी, आणि जवळजवळ पूर्ण स्वतंत्र विभागांची. वेतनाच्या बाबतीतला चरखा संघ यांतला तिसरा प्रकार होता. महसूल खातं पहिला. कोणता प्रकार चांगला असं काही नसतं. पण आपण कोणता हे ठरवलंच नसेल, तर कितीही महागडी चौकट आणली तरी तिचा उपयोग होत नाही.

अमेरिकेच्या केंद्र सरकारला हे पैसे मोजून शिकावं लागलं. १९९६ च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने तिथल्या प्रत्येक खात्यावर आपल्या माहिती-व्यवस्थेचा आराखडा करण्याची जबाबदारी टाकली. १९९९ मध्ये सगळ्या खात्यांसाठी एक समान चौकट आली, पुढे तिचे संदर्भ-नमुने आले. खात्यांनी आराखडे केले, सादरही केले. आणि त्यातले बरेच कपाटात पडून राहिले. आराखडा काढणारा वेगळा आणि निधी वाटणारा वेगळा असेल तर असंच होतं.

हिंगणघाटला कापूस विकायचा तर

भारताने २०१८ मध्ये ‘इंडिया’ नावाची स्वतःची चौकट प्रसिद्ध केली. इंडिया एंटरप्राइज आर्किटेक्चर असं तिचं पूर्ण नाव. तिच्यात आठ संदर्भ-नमुने आहेत. कामगिरी, कामकाज, माहिती, सॉफ्टवेअर, तंत्रज्ञान, सुरक्षा, जोडणी आणि नियंत्रण. सरकार म्हणजे खात्यांचा समूह असं न मानता एकच संस्था आहे असं मानून रचना करायची, हा तिचा गाभा. आंध्र प्रदेशाने त्याआधीच ई-प्रगती या नावाने असा प्रयत्न सुरू केला होता.

हे दिल्लीत ठरलं. समुद्रपूर तालुक्यात त्याचा अर्थ काय होतो ते पाहू. समजा, तिथल्या एका बाईंकडे पाच एकर कोरडवाहू शेती आहे. पऱ्हाटी आहे, मध्ये तुरीच्या ओळी आहेत, एका तुकड्यात सोयाबीन आहे. नवरा गेल्यावर शेत वारसाने त्यांच्या नावावर आलं. सातबाऱ्यावर नाव आहे ते नवऱ्याच्या नावासह. आधार कार्डावर वडिलांचं नाव राहून गेलं आहे. बँकेच्या पासबुकावर नाव रोमन अक्षरांत आहे आणि आडनावात एक अक्षर जास्त आहे. आता हिंगणघाटच्या बाजारात कापूस हमीभावाने भारतीय कापूस महामंडळाला द्यायचा तर कापसाची नोंद असलेला सातबारा, आधार आणि पासबुक लागतं. पीकविमा काढायचा तर पुन्हा तेच. ठिबकचं अनुदान महाडीबीटीवर मागायचं तर पुन्हा तेच. पीएम किसानचे दोन हजार रुपये हवेत तर पुन्हा तेच. बाई एकच आहेत, शेत एकच आहे, पण प्रत्येक प्रणालीत त्या नव्याने जन्म घेतात, आणि प्रत्येक जन्मात नाव थोडं निराळं. कुठेतरी दोन नावं जुळत नाहीत आणि पैसे अडकतात. मग एक चक्कर सेतू केंद्राची, एक तहसीलची, एक बँकेची. प्रत्येक चक्करीला एक दिवसाची मजुरी बुडते.

यात कुणा एकाची हयगय असतेच असं नाही. मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये म्हटलं होतं, की एखादी संस्था जी प्रणाली घडवते तिच्यात त्या संस्थेच्या अंतर्गत संवादाची रचनाच उमटते. महसूल, कृषी, सहकार, पणन, बँका हे एकमेकांशी फक्त पत्रव्यवहाराने बोलत आले. म्हणून त्यांच्या प्रणालीही तशाच झाल्या. आणि पत्र घेऊन जाणारा माणूस म्हणजे शेतकरी.

म्हणून गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जे झालं त्याचं महत्त्व मोठं आहे. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं की त्याची माहिती थेट ई-फेरफार प्रणालीत पोहोचू लागली. खरेदीदाराने तीच कागदपत्रं घेऊन तलाठ्याकडे वेगळा अर्ज करायची गरज कमी झाली. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्याआधी हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा ओळीने ताडून पाहण्याचं आणि चुका दुरुस्त करण्याचं किचकट काम तलाठ्यांना करावं लागलं. ते काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण त्याशिवाय पुढचं काहीच शक्य नव्हतं. १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी सुरू झाली आणि बाराचा रकाना स्वतः शेतकऱ्याच्या हातात आला : शेतात उभं राहून मोबाइलवर पीक निवडायचं, फोटो काढायचा. वरवर पाहता हे एक अ‍ॅप आहे. आराखड्याच्या भाषेत मात्र एका माहितीचा लेखक बदलला, आणि असा बदल दशकानुदशकांत एखाद्या वेळीच होतो. ज्या शेतकऱ्याकडे चांगला फोन नाही किंवा ज्याच्या शिवारात नेटवर्क नाही, त्याची नोंद करायला सहायक लागतात, तलाठीही लागतोच. तरी नोंदीवर पहिला हक्क आता कसणाऱ्याचा आहे.

त्यापुढचं पाऊल अ‍ॅग्रीस्टॅकचं. यात तीन मूळ नोंदवह्या आहेत : शेतकऱ्यांची, गावांच्या भू-संदर्भित नकाशांची आणि पेरलेल्या पिकांची. आधार आणि जमिनीचे गट एकमेकांना जोडून शेतकऱ्याला एक ओळख क्रमांक मिळतो. दोन्हीकडची नावं जुळली नाहीत तर प्रकरण गावपातळीवरच्या अधिकाऱ्याकडे पडताळणीला जातं. म्हणजे समुद्रपूरच्या त्या बाईंच्या नावातला फरक एकदाच, एकाच जागी मिटवायचा. विमा, अनुदान, खरेदी केंद्र यांनी तिथूनच माहिती घ्यायची. कागदावरचा हेतू असा आहे आणि तो अगदी बरोबर आहे. मूळ नोंदवही एकच, तिचा धनी ठरलेला, बाकी सगळे वाचणारे. ज्या दिवशी एखादं खातं ओळख क्रमांक असूनही पुन्हा सातबाऱ्याची झेरॉक्स मागतं, त्या दिवशी समजायचं की आराखडा अजून त्या टेबलापर्यंत पोहोचलेला नाही.

रिकामा राहणारा रकाना

एक गोष्ट मात्र कोणत्याही चौकटीने अजून सोडवलेली नाही. वर्धा जिल्ह्यात बरीच शेती मक्त्याने किंवा बटईने केली जाते. मालक नागपूरला किंवा पुण्याला नोकरीत असतो आणि शेत गावातला दुसरा कुणी कसतो. बियाणं त्याचं, खत त्याचं, फवारणीचा धोका त्याचा, सावकाराचं कर्जही त्याच्याच डोक्यावर. गारपीट झाली की नुकसान त्याचं होतं. पण ओळख क्रमांक मिळतो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला, कारण शेतकऱ्यांच्या नोंदवहीचा पाया नमुना सात हा आहे.

दप्तर आखणाऱ्यांनी कसणाऱ्याचा विचार केला नव्हता असं मुळीच नाही. सात अ हा नमुना कुळवहिवाटीसाठीच आहे. रकाना आहे, त्यात काय लिहायचं तेही ठरलेलं आहे. तो रिकामा राहतो, कारण विदर्भासाठी १९५८ मध्ये झालेल्या कूळकायद्याने कसणाऱ्याला हक्क दिले, आणि तेव्हापासून जमीन मक्त्याने देणारा मालक व्यवहार कागदावर आणायलाच बिचकतो. नाव लागलं तर जमीन जाईल ही भीती. मग व्यवहार तोंडी होतो, दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास नव्याने होतो, आणि कधीकधी कसणारा मुद्दाम बदललाही जातो. ई-पीक पाहणीत फोटो काढणारा हात बटईदाराचा असतो, नोंद होते ती मालकाच्या गटावर, आणि विम्याची भरपाई जमा होते मालकाच्या खात्यात. त्यातलं किती पुढे पोहोचतं हे दोघांच्या संबंधांवर अवलंबून.

हा दोष सॉफ्टवेअरचा नाही. अ‍ॅग्रीस्टॅकमध्ये उद्या बटईदारांसाठी चौथी नोंदवही काढली आणि तिचा फॉर्म कितीही सोपा केला, तरी खरं लिहिलं की मालकाला तोटा आणि कसणाऱ्याला शेत गमावण्याची धास्ती, अशी परिस्थिती असेपर्यंत त्यात कुणी नाव घालणार नाही. नीती आयोगाने २०१६ मध्ये एक आदर्श भूमी-पट्टेदारी कायदा राज्यांपुढे ठेवला होता. मालकी पूर्ण सुरक्षित ठेवायची आणि कसणाऱ्याला मुदतीपुरती कर्जाची, विम्याची, भरपाईची पात्रता द्यायची, अशी त्याची मांडणी आहे. महाराष्ट्राने त्या धर्तीवर, विदर्भाचा वेगळा कूळकायदा ध्यानात घेऊन, तरतूद केली तर सात अ मध्ये नावं येऊ लागतील, आणि मग ती पुढच्या नोंदवह्यांत नेणं हे प्रोग्रॅमरांचं चार-सहा महिन्यांचं काम उरेल. तोवर मंत्रालयातल्या आराखड्यावर शेतकरी म्हणून जो दिसतो तो आणि समुद्रपूर, देवळी, आर्वीच्या शिवारात डवरे हाकताना जो दिसतो तो, ही दोन वेगवेगळी माणसं असू शकतात.